विंडोज पुसण्याआधी: प्रिंटर, स्कॅनर आणि डोंगलची उलटतपासणी

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला सुरक्षेचे मोफत अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. तिथल्या तीन पीसींपैकी दोन या अटीत बसेनात. नवे घ्यायचे तर खर्च, म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी दोन्हींना फॉरमॅट मारून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकलं. अर्ध्या तासात काम झालं. पडदा सुंदर, इंटरनेट सुरू, मराठी टायपिंगही चालू. मी खूश होऊन शटर ओढलं.

सोमवारी सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचं प्रतिज्ञापत्र छापायला घेतलं. प्रिंटरचा दिवा लागलेला, केबल नीट, पडद्यावर प्रिंटरचं नावही दिसतंय, पण कागद जागचा हलेना. तो अख्खा दिवस मी पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पळत होतो. चूक प्रिंटरची नव्हती, लिनक्सचीही नव्हती. जे शुक्रवारी आधी तपासायला हवं होतं ते मी सोमवारी तपासत होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते समजून घ्या

पूर्वीच्या चांगल्या लेझर प्रिंटरला स्वतःचं डोकं असायचं. संगणक त्याला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल अशा भाषेत सांगायचा: इथे अमुक अक्षर, तिथे तमुक रेघ. त्याचे ठिपके करायचं काम प्रिंटरच्या आतला प्रोसेसर करायचा. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी स्वस्त प्रिंटरांतून हे डोकं काढून टाकलं. ठिपके संगणकानेच करावेत, प्रिंटरने ते फक्त कागदावर उमटवावेत. विंडोजच्या ज्या भागाच्या आधाराने हे व्हायचं त्याचं नाव जीडीआय, म्हणून अशा यंत्रांना जीडीआय प्रिंटर म्हणतात. त्याच काळात मॉडेमचंही हेच झालं. त्याला तर लोक सरळ विनमॉडेम म्हणायचे.

याचा फायदा झाला तो किमतीत. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, ए-फोर कागदावर साधारण साडेतीन कोटी ठिपके बसतात, म्हणजे चार एमबीपेक्षा जास्त माहिती. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० या यंत्रांत मेमरी आहे अवघी दोन एमबी. पूर्ण पान त्यांच्या पोटात मावतच नाही. संगणक पान दाबून, बारीक करून, त्या त्या कंपनीच्या खासगी बोलीत घास घास भरवतो. ती बोली ज्या ड्रायव्हरला, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रामला, येते तो विंडोजसाठी लिहिलेला. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या यंत्राचा निम्मा भाग प्रिंटरच्या डब्यात नव्हताच, तो विंडोजमध्ये होता. विंडोज पुसलंत की तो निम्मा भागही पुसला जातो.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल. डॉसच्या पीसीत ते खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे विंडोज आलं, तेच काम सॉफ्टवेअर करू लागलं आणि चांगली धडधाकट कार्डं कपाटात गेली.

काय काय हाताशी हवं

आठ जीबी किंवा मोठा रिकामा पेन ड्राइव्ह. फायलींच्या बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क. अँड्रॉइड मोबाईल आणि त्याची डेटा केबल, नुसती चार्जिंगची नव्हे. प्रिंटरची यूएसबी केबल. लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की, कागदावर लिहून. विंडोजची लायसन्स की. आणि एक वही, कारण ज्या पीसीवर नोंदी ठेवाल तोच पुसायचा आहे.

१. वहीत यादी करा, विंडोज चालू असतानाच

दुकानात किंवा घरात पीसीला जे जे जोडता ते लिहा. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय डोंगल, अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, बारकोड वाचणारं यंत्र, डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणून येणारा डोंगल. महिन्यातून एकदाच लागणारी वस्तू विसरली जाते आणि नेमकी तीच नंतर नडते.

प्रत्येकासमोर मॉडेलचं पूर्ण नाव आणि यूएसबीचा ओळख क्रमांक लिहा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वस्तूवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. तिथे व्हीआयडी आणि पीआयडीपुढे चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतील. पहिला गट कंपनीचा, दुसरा वस्तूचा. ०३एफ० म्हणजे एचपी, ०४ए९ म्हणजे कॅनन, ०बीडीए म्हणजे रिअलटेक. डब्यावर छापलेलं नाव फसवू शकतं, हा क्रमांक सहसा फसवत नाही. नेटवर शोधताना मॉडेलचं नाव, हा क्रमांक आणि ‘लिनक्स’ हा शब्द असं एकत्र टाका.

२. पीसी न पुसता लिनक्स चालवून पाहा

लिनक्स मिंट किंवा उबुंटूची फाइल उतरवून रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर चढवा. त्या पेन ड्राइव्हवर आधी जे काही असेल ते जाईल. पीसी सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. हार्ड डिस्कला हात लागत नाही.

आता वहीतली एकेक वस्तू जोडा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी येईल आणि वहीतलेच क्रमांक तिथे दिसतील. पण इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, माझाही घसरला होता. यादीत नाव आलं म्हणजे वस्तू चालली असं नाही. नाव तर ती वस्तू जोडताक्षणी स्वतःच सांगते. खरोखर एक पान छापून पाहा, एक कागद स्कॅन करून पाहा, वायफायवर पाच मिनिटं काहीतरी उतरवून पाहा. चालली तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुल्यांचं काय करायचं ते पुढे.

३. प्रिंटर: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांत एचपी १०२० आणि कॅनन २९०० अजून ठाण मांडून आहेत. दोघांनाही ‘बारा ए’च्या जातीचं टोनर बसतं, कोपऱ्यावर रिफिल होतं, सुटे भाग मिळतात. म्हणून कोणी सोडत नाही आणि सोडूही नये. पण लिनक्सच्या बाबतीत ही दोन यंत्रं सारखी नाहीत.

एचपी १०२०ची गंमत अशी की त्याचा स्वतःचा चालक-प्रोग्रामही, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्याच्या आत साठवलेला नसतो. बटण दाबलं की दर वेळी तो संगणकाकडून भरून घ्यावा लागतो. लाइट गेली आणि आली की प्रिंटर पुन्हा कोरा. विंडोजमध्ये हे गुपचूप होतं म्हणून कळत नाही. लिनक्ससाठी एचपीचंच एचपीलिप नावाचं पॅकेज आहे आणि मिंट-उबुंटूत ते बहुधा आधीपासून असतं. मात्र या मॉडेलला त्याच्या जोडीला एक वेगळं प्लगइन लागतं, ते नेटवरून उतरवावं लागतं. टर्मिनलमध्ये ‘एचपी-सेटअप’ चालवा, यूएसबी निवडा, प्लगइन उतरवायला हो म्हणा, कराराला मान्यता द्या. मग प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. आतून घरघर ऐकू आली की समजा फर्मवेअर पोचलं.

एचपीलिप आणि त्याचं प्लगइन यांची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते. काही महिन्यांनी मोठा अपडेट आला, एचपीलिप बदललं, प्लगइन जुनंच राहिलं, की प्रिंटर एका सकाळी मुका होतो. लोक टोनर काढून हलवत बसतात. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा पुन्हा चालवली की काम होतं. ही ओळ कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवून ठेवा. मी ठेवलीय.

कॅनन २९००ची बोली वेगळी, तिचं नाव कॅप्ट. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर काढलेला आहे, पण तो जुना आहे, त्याचे काही भाग ३२ बिटचे आहेत. आजच्या ६४ बिट लिनक्सवर त्याच्यासाठी ३२ बिटच्या लायब्रऱ्या आधी टाकाव्या लागतात, मग ‘कॉमन’ आणि ‘कॅप्ट’ ही दोन पॅकेजं याच क्रमाने, मग प्रिंटरची नोंद, आणि शेवटी सीसीपीडी नावाची सेवा सुरू करणं. पीसी रीस्टार्ट केल्यावर ही सेवा अनेकदा आपोआप उठत नाही. पडद्यावर ‘रेडी’ दिसतं, कागद मात्र येत नाही. कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त ड्रायव्हरही आहे, तो मूळ कोडपासून स्वतः तयार (कंपाइल) करावा लागतो. तुम्ही लिनक्समध्ये नवखे असाल आणि रोज दोनशे पानं छापत असाल तर माझा सल्ला सरळ आहे: कॅनन २९०० लिनक्सला जोडूच नका. तो विंडोजच्या एका पीसीला राहू द्या. ते कसं, ते सहाव्या पायरीत आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. एप्सनच्या टाकीवाल्या एल मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांना एस्कपीआर नावाचा ड्रायव्हर चालतो. ब्रदरच्या साध्या लेझरना बीआरलेझर चालतो किंवा कंपनीचा स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो. सॅमसंगच्या जुन्या लेझरसाठी स्प्लिक्स आहे. ज्या प्रिंटरवर एअरप्रिंटची (ॲपलची ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) खूण आहे त्यांना बहुधा वेगळा ड्रायव्हरच लागत नाही.

प्रिंटर जोडताना यादीत नेमकं मॉडेल नसेल तर लोक ‘जवळपासचं’ काहीतरी निवडतात. पीसीएलचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडून जीडीआय यंत्राला काम पाठवलं तर काही यंत्रं गप्प बसतात, काही पानामागून पान कचरा ओकतात. असं झालं तर केबल उपटू नका. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन (एकावर एक दोन टिंबं), मग ६३१ असा इंग्रजीत पत्ता टाका. कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेचं, पान उघडेल, तिथल्या जॉब्समधून काम रद्द करा. नाहीतर पुन्हा चालू केल्यावर प्रिंटर उरलेला कचरा इमानदारीत पूर्ण करतो.

आणखी एक भाबडी समजूत: वाइन नावाच्या सोयीने विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालतात, तर ड्रायव्हरही चालेल. नाही चालत. वाइन प्रोग्राम चालवतं, यंत्राशी बोलणारा ड्रायव्हर नाही.

४. वायफाय: मोबाईलची केबल तयार ठेवा

वायफाय चालत नाही, कारण ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर उतरवायचा तर इंटरनेट हवं. या फेऱ्यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे मोबाईल. तो केबलने पीसीला जोडा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला त्यासाठी वेगळं काही लागत नाही. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा. जुन्या लॅपटॉपांतल्या ब्रॉडकॉमच्या कार्डांचा ड्रायव्हर बहुधा तिथेच सापडतो.

स्वस्त रिअलटेक डोंगल जोडला की कधीकधी तो वायफाय न दिसता सीडी ड्राइव्ह दिसतो. त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असतो आणि तो आधी सीडीचं सोंग घेतो. एलएसयूएसबीमध्ये क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसला तर हेच प्रकरण. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर राइट क्लिक करून इजेक्ट करा, पुष्कळदा डोंगल मूळ रूपात येतो. नाही आला तर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपांना लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२पासून आतूनच आधार मिळू लागला, त्यामुळे जुनं मिंट घेऊन झगडण्यापेक्षा नवं घ्या.

वेगळा ड्रायव्हर टाकलात आणि पीसीत सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. तिथे घाईने ‘कंटिन्यू’ दाबलं की ड्रायव्हर टाकूनही चालत नाही आणि का ते कळत नाही. ‘एनरोल’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

आता विकत घेतानाचं. नाव एक, आतली चिप वेगळी, हे डोंगलमध्ये सर्रास आहे. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन-७२२एनचंच घ्या: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप, लिनक्सवर बिनतक्रार. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेक, तिथे खटपट. डबा तोच, किंमत तीच, फरक फक्त लेबलवरच्या बारीक अक्षरांत. एका दुकानदाराने मला ‘लिनक्स चलता है’ म्हणून दिलेला डोंगल असाच निघाला. चालायचा, पण आवृत्ती एक असती तर.

५. स्कॅनर

इथे लिनक्स कधीकधी विंडोजला मागे टाकतं. कॅनन लाइड २०सारख्या जुन्या सपाट स्कॅनरला ६४ बिट विंडोजचा ड्रायव्हर कंपनीने दिलाच नाही, पण लिनक्सच्या सेन या स्कॅनिंगच्या व्यवस्थेत तो चालतो. माळ्यावर असा एखादा पडला असेल तर काढून पाहा. मात्र तीन-कामांच्या यंत्रात प्रिंट चालतं म्हणजे स्कॅन चालेलच, असं धरू नका. दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. वहीत दोन ओळी करा.

६. ज्यांना हात लावायचा नाही ते

आधारसाठी अंगठा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, डीटीपीचा कुलूप-डोंगल. यांच्यावर पोट असेल तर त्या पीसीचं विंडोज काढू नका. अंगठ्याच्या यंत्राला आरडी सर्व्हिस, म्हणजे त्याला आधारच्या व्यवस्थेशी जोडणारा प्रोग्राम, लागते. टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळाला तरी सही करून देणारं सॉफ्टवेअर आणि पोर्टल यांचंही जमावं लागतं, तीनपैकी एक कडी निसटली की रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री तुम्ही अडकता. जुन्या मराठी फॉन्टांतल्या फायली ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात त्याचा डोंगल तर विंडोजशिवाय निव्वळ प्लॅस्टिकचा तुकडा.

विंडोज कुठे ठेवायचं याचे तीन मार्ग आहेत.

एकाच पीसीत दोन्ही ठेवणं. आधी बॅकअप, मग विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या डिस्कवर नीट लिहिता येत नाही. बिटलॉकरची की हाताशी हवी, कारण बूटची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं. पण खरं सांगतो, गिऱ्हाईक समोर असताना एका प्रिंटसाठी पीसी रीस्टार्ट करणं दोन दिवसांत नकोसं होतं.

लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी उभा करणारा प्रोग्राम) विंडोज चालवणं. प्रिंटर यूएसबीमार्फत थेट आतल्या विंडोजला देता येतो. त्यासाठी तुमचं खातं ‘व्हीबॉक्सयूझर्स’ या गटात टाकून पुन्हा लॉगिन करायला लागतं, नाहीतर यादीत यूएसबी वस्तूच दिसत नाहीत. आठ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर या वाटेला जाऊ नका. आतल्या विंडोजलाही लायसन्स लागतं.

तिसरा, आणि मी निवडलेला: सगळ्यात जुना पीसी विंडोज १०वर तसाच ठेवायचा, त्याचं इंटरनेट तोडायचं, फक्त दुकानातल्या नेटवर्कवर ठेवायचा आणि जीडीआय प्रिंटर त्याला जोडायचा (मी तो आधीच पुसला होता, म्हणून विंडोज पुन्हा चढवावं लागलं). अंगठ्याचं यंत्र आणि टोकन इथे नकोत, त्यांना इंटरनेट लागतं. माझ्याकडे ती विंडोज ११ घेणाऱ्या तिसऱ्या पीसीवर आहेत. इथे एक खाच आहे. विंडोजवरून शेअर केलेला प्रिंटर लिनक्समध्ये जोडला तरी लिनक्सच्या बाजूला त्याचा ड्रायव्हर लागतोच, म्हणजे फिरून तिथेच. म्हणून प्रिंटर नव्हे, फोल्डर शेअर करा. लिनक्सवर पीडीएफ तयार करून त्या फोल्डरमध्ये टाकायची, विंडोजवाल्या पीसीवरून छापायची. लिबरऑफिस पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरून देतं, त्यामुळे जोडाक्षरं फुटत नाहीत.

काहीजण या कामासाठी रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक घ्यायला सांगतात. कॅनन २९००साठी घेऊ नका. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या जातीचा.

७. आता फॉरमॅट

वहीत प्रत्येक ओळीपुढे बरोबर, किंवा ‘विंडोजवरच राहणार’ असं लिहून झालं असेल तरच. आणि शुक्रवारी संध्याकाळी नव्हे. दुकान बंद असलेल्या दिवशी सकाळी करा, म्हणजे अडलं तर हातात दिवस उरतो. पहिले पंधरा दिवस एक पीसी जुन्याच अवस्थेत राहू द्या.

८. यापुढे नवीन घेताना

दुकानात ‘लिनक्सवर चालेल का’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘चालेल’ येतं. प्रिंटरसाठी विचारा: एअरप्रिंट आहे का, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल आहे का. डब्यावर नुसतं ‘होस्ट बेस्ड’ किंवा ‘जीडीआय’ लिहिलेलं दिसलं तर पुढचा डबा पाहा. स्कॅनरचं मॉडेल सेनच्या यादीत दुकानात उभ्याउभ्याच मोबाईलवर शोधा. डोंगलसाठी चिपचं नाव आणि आवृत्ती विचारा, आणि बिलावर मॉडेलसोबत ती आवृत्तीही लिहून घ्या. परत करायला जाल तेव्हा दुकानदार डब्याकडे बोट दाखवेल, तुम्ही बिलाकडे दाखवा.